तारमास्तरांचा मनोरा

हिंगोलीत मला राहायला खोली मिळाली ती माझ्या आवाजावर. एरवी मिळाली नसती. सव्वीस वर्षांची, एकटी, लग्न न झालेली बाई, टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून पहिलीच नेमणूक, गावात ओळखीचं कुणी नाही. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो. एक्स्चेंजातल्या एका जुन्या बाईंनी पत्ता दिला. "निवृत्त तारमास्तर आहेत. नवरा-बायको दोघंच. माणूस लाखात एक, पण जरासा..." आणि त्यांनी कानाजवळ बोट गोल फिरवलं. "म्हणजे कसे?" मी विचारलं. "जाऊन बघ," म्हणाल्या.

दार मास्तरांनीच उघडलं. अंगात बंडी, गळ्यात हेडफोन, कानावर पेन्सिल. मी म्हटलं, "खोली बघायला आलेय." ते माझ्याकडे बघत नुसते उभे. ऐकू कमी येतं की काय, असं वाटून मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. तरी गप्प. मग आतून बाईचा आवाज आला, "अगं पोरी, शेवटी ओव्हर म्हण! त्याबिगर बोलायचे न्हाईत ते."

मी म्हटलं, "खोली बघायला आलेय. ओव्हर."

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "खोली मोकळी आहे. आवाज एकदम पाच-नऊ आहे तुमचा. आत या. ओव्हर."

पाच-नऊ म्हणजे काय ते मला संध्याकाळी मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, सांगितलं. रेडिओवर बोलणारी माणसं एकमेकांच्या आवाजाला गुण देतात. बोलणं किती कळतं याला पाचांपैकी, आवाज किती जोरात येतो याला नऊपैकी. मास्तरांनी ही पद्धत सगळ्या जगाला लावली होती. काकूंची वांग्याची भाजी पाच-नऊ. समोरचे वकील दोन-नऊ, म्हणजे आवाज मोठा पण कळत काही नाही. एकदा गावात मोठे पुढारी येऊन तासभर बोलून गेले. मास्तर सभेतून परत आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "शून्य-नऊ."

आयुष्यभर त्यांनी तार कचेरीत कट्ट-कडकट्ट केलं. लोकांच्या घरी मूल झाल्याच्या, माणूस गेल्याच्या, नोकरी लागल्याच्या बातम्या त्यांच्या बोटांतून गेल्या. निवृत्त झाल्यावर ती बोटं रिकामी बसायला तयार होईनात. मग त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, माळवदावर तारा ताणल्या आणि मधल्या खोलीत स्वतःच्या हातानं सेट बांधला. हौशी रेडिओ म्हणजे 'हॅम'. परीक्षा द्यायची, सरकार तुम्हाला नावाऐवजी अक्षरांचं एक बिल्ला-नाव देतं, त्याला कॉल साइन म्हणतात, आणि मग घरबसल्या कुणाशीही बोलायचं. पैसे घ्यायचे नाहीत, धंदा करायचा नाही. "मग करायचं काय?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "ऐकायचं. बोलणारे रग्गड आहेत."

मला ते ऑपरेटरबाई म्हणत. त्यांच्या दृष्टीनं मी विरोधी पक्षातली. "तुमचं सगळं खांबावर अवलंबून," ते म्हणत. "एक बैल खांबाला अंग घासून गेला की तुमचा परभणीशी संबंध खलास. आमचं तसं न्हाई."

ही मास्तरांची फुशारकी गल्लीला महागात पडायची. ते बोलायला लागले की शेजारच्या टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या. रविवारी सकाळी ते सेटला हातही लावत नसत, तसा अलिखित करारच होता. पण सप्ताहाच्या वेळी घोटाळा झाला. गल्लीतल्या मंदिरात कीर्तन रंगलं होतं. महाराजांनी हात वर करून विचारलं, "आपण एवढी हाक मारतो, देवापर्यंत ती जाते का? जाते का?" आणि त्याच क्षणी मंदिराच्या कर्ण्यातून मास्तरांचा आवाज आला, "आ रहा है, आ रहा है, पर बहुत बारीक आ रहा है. थोडा पॉवर बढाओ. ओव्हर."

ते भोपाळच्या कुणाशी तरी बोलत होते. त्यांच्या सेटमधली ताकद मंदिराच्या अँप्लिफायरच्या तारांत शिरली होती. दुसऱ्या दिवशी मास्तर मंदिरात गेले, महाराजांची माफी मागितली आणि दिवसभर मांडी घालून त्या अँप्लिफायरमध्ये काहीबाही बसवत राहिले. पुन्हा तसं झालं नाही. महाराज मात्र त्यांना म्हणाले, "मास्तर, काल तुमी जे म्हणले ते बराबरच होतं."

काकूंची आणि रेडिओची सोयरीक निराळी. त्या त्याला 'डबडं' म्हणत. सेट घरात आल्यापासून त्या त्यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या, बोलणारही नव्हत्या. पण मास्तर सुटे भाग जोडायला डाग देण्याची इस्त्री तापवून बसले की काकू डाळ निवडत समोर बसत. मास्तर चिमूटभर आकाराचा एकेक सुटा भाग त्यांच्यापुढे धरत, त्यावर रंगाच्या पट्ट्या असत, आणि काकू न बघितल्यासारखं करून म्हणत, "पिवळा, जांभळा, तांबडा." पुढचा. "तपकिरी, काळा, नारिंगी." त्या पट्ट्यांवरून त्या भागाचं माप कळतं. मला वाटायचं, काय हा माणूस! स्वतःच्या नाकापुढची वस्तू बायकोकडून वाचून घेतो. नवरेपणाचा हाही एक प्रकार असेल, असं मी मनाशी धरलं होतं.

आणखी एक सांगायचं तर, मास्तर रोज चहा पिऊन झाल्यावर चमच्यानं ओट्यावर टकटक करायचे. लांब लांब लांब, छोटं छोटं. पुन्हा तेच. काकू "पुरे आता" म्हणून कप उचलायच्या. वर्षभरानं मास्तरांनी मला मोर्स शिकवलं, तेव्हा एका सकाळी ती टकटक आपोआप माझ्या कानात उलगडली. अठ्ठ्याऐंशी. हॅम लोक बायकोला किंवा प्रेमाच्या माणसाला निरोप देताना हा आकडा वापरतात. मी काकूंकडे बघितलं. त्या लाल झाल्या. "तुला कळलं व्हय? बरं, कळलं तर कळलं. कुणाला सांगू नको," म्हणाल्या.

मनोऱ्याचं वेड भूकंपापासून सुरू झालं. लातूरकडची ती पहाट साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. मास्तरांनी धान्याच्या एका ट्रकमध्ये घरातला दुसरा सेट आणि ट्रॅक्टरची बॅटरी टाकली आणि निघून गेले. अकरा दिवसांनी आले. चार दिवस ते ओव्हरसुद्धा म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "ऑपरेटरबाई, हातातला छोटा सेट दोन गावांपलीकडं जात न्हाई. टेकडी आडवी आली की संपलं. तिकडं माणसं हाक मारत होती, अन् मला ती पलीकडच्या माणसाकडून, मग त्याच्याही पलीकडच्या माणसाकडून ऐकू येत होती. आपल्याकडं असं काही झालं तर?"

त्यावर उपाय होता रिपीटर. उंचावर एक यंत्र ठेवायचं. त्याची एक अँटेना खालचे बारीक आवाज ऐकणार, दुसरी तेच आवाज जोरात बोलून दाखवणार. कनेरगाव नाक्याच्या वाटेवर एका तांड्याशेजारी टेकडी आहे आणि तिच्यावर तेव्हा एक गंजका लोखंडी मनोरा होता. कुणी, कधी, कशासाठी उभारला, कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनी एकेक करून पाच कचेऱ्यांना अर्ज लिहिले. पाचही कचेऱ्यांनी उलट कळवलं की सदर मनोरा आमचा नाही. मास्तरांनी ती पाचही पत्रं एका जाड पुठ्ठ्यावर चिकटवली. "बघा, लेखी आहे. कुणाचा न्हाई म्हणजे सगळ्यांचा," ते म्हणाले. दिल्लीहून रिपीटरचा परवानाही यथावकाश आला. उरली तांड्याची परवानगी.

तांड्याच्या नाईकांपुढे मास्तर बाजेवर बसले, मी शेजारी. नाईकांनी विचारलं, "ह्यानं आमच्या लोकायला काय फायदा?"

"रोजचा काहीच न्हाई," मास्तर म्हणाले.

"मग हे आहे तरी काय?"

"समजा वर एक माणूस बसवला. खालून कुणी हळू बोललं की त्यानं तेच गावभर ऐकू जाईल असं म्हणायचं."

नाईक हसायला लागले. "असा माणूस आहे आमच्याकडं. माझी सासू. तिला चढवायची काय वर?" सगळा तांडा हसला आणि परवानगी मिळाली. वीज तांड्यातल्या पिठाच्या गिरणीतून घ्यायची ठरली. चढायला देवसिंग तयार झाला. चाळिशीतला, काटक, कमी बोलणारा. विजेच्या मोठ्या लाइनीच्या मनोऱ्यांवर त्यानं आठ-दहा वर्षं मजुरी केली होती. मास्तरांनी स्वतः चढायचं नाही, असं काकूंनी त्यांच्याकडून देवासमोर वदवून घेतलं होतं.

अँटेना घरच्या माळवदावर तयार झाल्या. अॅल्युमिनियमच्या नळ्या मास्तर शिंप्याच्या टेपनं मोजत आणि कापत. ऐकणाऱ्या अँटेनाच्या गळ्यात बसवायची एक छोटी डबी होती, खालची कुजबुज मोठी करून पाठवणारी. तिच्यातला नखाएवढा भाग इथे मिळत नव्हता, परदेशातल्या कुणा हॅमनं तो टपालानं धाडला होता आणि यायला सहा महिने लागले होते. मास्तर ती डबी कापसात ठेवत. "ही बाई नाजूक आहे," सांगत. "हिच्या तारेत चुकून बोलण्याची ताकद सोडली तर एका क्षणात जळून जाईल."

फाल्गुनात आम्ही सगळं सामान घेऊन टेकडीवर गेलो, तर मनोऱ्याच्या निम्म्या उंचीवर आग्या मोहळ लटकलेलं. काळंभोर, परातीएवढं. तांड्यातली माणसं म्हणाली, "धूर करतो, संध्याकाळी खाली पाडतो, मध बी मिळल." देवसिंगनं पाचोळा गोळासुद्धा केला.

मास्तर आडवे आले. "न्हाई. कुणी बोलत असलं तर त्याच्यावर आपण बोलायचं नसतं. आधी ऐकायचं, जागा मोकळी आहे का विचारायचं. हा आमचा पहिला नियम आहे. त्या आधी आल्यात."

"मास्तर, त्या माशा आहेत," देवसिंग म्हणाला.

"असू दे. बोलूनच राहिल्यात ना?"

आणि आम्ही सामान घेऊन परत आलो. चैत्र गेला, वैशाख गेला. मास्तर दर आठवड्याला एसटीनं जाऊन खालून मोहळ बघून यायचे. गावात चेष्टा झाली. मीही चिडले होते. पावसाळा तोंडावर आलेला, एकदा विजा सुरू झाल्या की लोखंडावर कुणाला चढवणार?

रिकामा वेळ मास्तरांनी सुरक्षेत घालवला. देवसिंगसाठी त्यांनी कमरेचा आणि मांड्यांचा जाड पट्टा शिवून घेतला, आणि तो तपासायला स्वतः पट्टा बांधून दारातल्या कडुलिंबाच्या फांदीला लटकले. अर्धा तास, पेपर वाचत. काकू ओरडल्या, "उतरा खाली, लोक बघून राहिले!" मास्तर पान उलटून म्हणाले, "बघू द्या." तेवढ्यानं समाधान होईना म्हणून त्यांनी गल्लीतल्या सगळ्यात वजनदार माणसाला, म्हणजे मिठाईवाल्याला विनंती केली. तो भला माणूस तयार झाला. त्याला लटकवायला चौघे लागले. फांदी कुरकुरली, मिठाईवाला देवाचं नाव घ्यायला लागला, पण पट्टा हलला नाही. "आता देवसिंग जाऊ शकतो," मास्तर म्हणाले.

ज्येष्ठात एक दिवस देवसिंग हिंगोलीला आला आणि दारातूनच म्हणाला, "गेल्या." मास्तर जेवत होते, तसेच उठले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही टेम्पोनं निघालो. "तुम्ही येता का?" असं मी काकूंना विचारलं, तर त्यांनी मला डोळ्यानं दटावलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या कुरडया वाळून राहिल्यात." त्या घरी राहिल्या.

देवसिंग पट्टा लावून, खांद्याला कप्पी आणि दोर अडकवून चढला. दोन पायऱ्यांना एकदा पट्टा अडकवायचा, मग पुढं जायचं, हा मास्तरांचा हुकूम. त्याच्या गळ्यात छोटा सेट होता. मास्तर खाली मान वर करून उभे, हातात दुसरा सेट.

"देवसिंग, कप्पी पक्की बसली का? ओव्हर."

"बसली मास्तर. ओव्हर."

"किती पक्की? ओव्हर."

"आता देवच काढंल. ओव्हर."

अँटेना वर ओढायला तांड्यातले चौघे एका दोरावर होते. दुसरा दोर माझ्या हातात. अँटेना लोखंडाला आपटू नये म्हणून तिला बाहेरच्या बाजूला ताणून धरायचं, हे माझं काम. पहिली सुखरूप गेली. दुसरी निम्म्यावर असताना वारा सुटला. अँटेना गर्रकन फिरली आणि तिचा हात मनोऱ्याच्या आडव्या पट्टीत अडकला. चौघांनी जोर लावला तशी नळी वाकायला लागली.

"थांबा! सोडा थोडं! ऑपरेटरबाई, मागं जा!"

मागे म्हणजे घायपाताचं बेट होतं. मी त्यात पाठमोरी शिरले. साडी फाटली, पोटऱ्यांना काटे लागले, दोरानं तळहात सोलून निघाले. पण चार पावलं मागे गेले आणि अँटेना अलगद मोकळी झाली. वरून देवसिंग म्हणाला, "बाईनं काम केलं. ओव्हर." त्यानं एवढं कौतुक कधी कुणाचं केलं नव्हतं, असं मला नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं.

अकराच्या सुमारास दोन्ही अँटेना बसल्या, नाजूक डबी बसली. आता दोन जाड तारा वरून खाली यंत्रापर्यंत आणायच्या होत्या. आदल्या दिवशी मास्तरांनी त्यांच्या टोकांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. ऐकणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना लाल, बोलणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना हिरवी, असा त्यांचा हिशेब. देवसिंगनं सांगितलं, "लाल पट्टी डबीला लावली. मनोऱ्याच्या डाव्या पायावरून सोडून राहिलो. ओव्हर." मी डाव्या पायावरची तार हाताला येईल तिथपर्यंत बांधत आणली. खाली तिचं टोक हातात आलं, तर त्याला हिरवी पट्टी.

मी उजव्या तारेचं टोक बघितलं. त्याला लाल.

मास्तर यंत्रापुढे बसले होते. ऐकण्याच्या भोकाकडे हात करून म्हणाले, "लाल आणा."

"मास्तर, लाल चुकीची आहे. पट्ट्या उलट्या लागल्यात. डबीकडून आलेल्या तारेला खाली हिरवी आहे."

"असं कसं होईल? मी स्वतः लावल्यात." ते उठले. दोन्ही टोकं हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, उन्हात धरली, पुन्हा जवळ आणली. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "यातली लाल कोणती?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी नुसतं उजव्या टोकाला बोट लावलं. ते जवळच्या दगडावर बसले.

"मला दोन्ही एकच दिसतात," म्हणाले. "जन्मापासून. एकविसाव्या वर्षी बोटीवरच्या बिनतारी ऑपरेटरची परीक्षा पहिल्या नंबरानं पास झालो होतो. मुंबईला डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. म्हणाले, आकडा वाचा. मी म्हटलं, नुसते ठिपके आहेत. ते म्हणाले, आकडा आहे. मी म्हटलं, ठिपकेच. झालं. बोटीवर लाल-हिरव्या दिव्यांवर सगळं चालतं. घरी पाठवलं."

"मग समुद्र?"

"बघितला ना. दवाखान्याच्या खिडकीतून."

मला काकूंची डाळ आठवली. पिवळा, जांभळा, तांबडा. इतकी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात नावं ठेवत होते.

"कुणाला सांगितलं का नाहीत?"

"तारेच्या नोकरीत रंग लागत न्हाई. कुणी विचारलं न्हाई. नंतर लाज वाटायला लागली, की एवढी वर्षं काहून नाही सांगितलं म्हणतील." यंत्रं, सुटे भाग, माळवदावरच्या तारा, सगळं तो माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांनी करत आला होता, आणि काल कुरडयांच्या गडबडीत त्यानं फक्त एकदाच काकूंना विचारलं नव्हतं. मी पाहिलं नसतं तर बटण दाबताच डबी गेली असती.

तेवढ्यात वरून आवाज आला, "मास्तर, खाली जेवण चालू झालं काय? मी इथं लोखंडावर भाजून राहिलो. ओव्हर."

मास्तर हसायला लागले. डोळे पुसत हसले. मग त्यांनी चाकू घेतला, दोन्ही तारांवरच्या पट्ट्या काढून फेकल्या आणि डबीच्या तारेच्या टोकावर एक ठिपका कोरला, दुसऱ्या तारेवर एक रेघ. "हे चाळीस वर्षांत कधी चुकलेलं न्हाई," म्हणाले.

ठिपका ऐकण्याला, रेघ बोलण्याला. गिरणीवाल्यानं वीज सोडली. यंत्रावरचा छोटा दिवा लागला. डबी शाबूत होती. मास्तरांनी हातातल्या सेटवर आपली कॉल साइन सांगितली आणि म्हणाले, "टेकडीवरून चाचणी. कुणी ऐकत असल्यास उत्तर द्यावे. ओव्हर." वसमतला त्यांचे एक मित्र ऐकायला बसणार होते, त्यांच्या उत्तराची वाट होती.

काही नाही. मास्तरांनी ओठ चावले. पुन्हा तेच म्हणाले. थोडा वेळ नुसती खरखर, आणि मग स्वच्छ, ठणठणीत बाईचा आवाज आला. आधी एक कॉल साइन, व्हीयू-थ्रीपासून सुरू होणारी, एकेक अक्षर सुटं करून. मग, "आवाज बराबर येऊन राहिला. जेवायला किती वाजता येता? ओव्हर."

मास्तरांच्या हातून सेट पडता पडता वाचला. पण त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "अगं, विनापरवाना बोलणं गुन्हा आहे! बंद कर आधी! ओव्हर!"

"परवाना आहे माझ्याकडं," सेट म्हणाला. "देवघरात कुंकवाच्या डब्याखाली ठेवलाय. आल्यावर बघा. ओव्हर."

आता हे गुपित मला माहीत होतं, म्हणून मी घायपाताच्या काट्यांसकट हसत होते. दीड वर्षापूर्वी मी परवान्याच्या परीक्षेला नागपूरला गेले, तेव्हा सोबत म्हणून काकू आल्या होत्या. गाडीत त्यांनी पिशवीतून माझंच पुस्तक काढलं आणि म्हणाल्या, "माझा बी फॉर्म भरलाय. ह्यांना सांगशील तर बघ." इतकी वर्षं रंग वाचून आणि कान देऊन त्यांना निम्मा अभ्यास आधीच पाठ होता. मोर्सचा भाग सोडून खालच्या दर्जाची परीक्षा त्यांनी दिली आणि माझ्यापेक्षा चार गुण जास्त मिळवले. परवान्याआधीच्या चौकशीला पोलीस घरी आला, तेव्हा मास्तर नेमके बाजारात होते. काकूंनी त्याला पोहे खायला घातले आणि मागच्या दारानं लावून दिलं. परवान्याचं पाकीट माझ्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर आलं होतं.

"काहून केलं असं?" त्या दिवशी घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "तुमी तिकडं भूकंपात होता तेव्हा अकरा दिवस मी या डबड्यापुढं बसून होते. तुमचा आवाज यायचा. मला बोलता येत नव्हतं."

मास्तरांनी तो परवाना काच लावून आपल्या परवान्याच्या वर टांगला. खाली नाही, शेजारी नाही, वर.

पुढं मोबाइल आले, जिल्हा झाला, टेकड्याटेकड्यांवर कंपन्यांचे मनोरे उभे राहिले. आमचा गंजका मनोरा एका वादळात वाकला आणि काढून टाकला. मास्तरही गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक त्यांच्या ओव्हरच्या आणि लिंबाला लटकल्याच्या गोष्टी सांगतात. मी सांगते ती रिपीटर चालू झाला त्याच वर्षीच्या भाद्रपदातली.

रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी कयाधू नदी फुगली. आमच्या लाइनीचे खांब आडवे झाले. एक्स्चेंजातले सगळे बोर्ड मुके. मी चिंब भिजून घरी आले तर मधल्या खोलीत काकू सेटपुढे बसलेल्या, पदर खोचलेला, समोर वही. नर्सीला एक गुरुजी होते, मास्तरांनीच हॅम केलेले. त्यांचा निरोप आला होता. एसटीची एक गाडी दोन ओढ्यांच्या मध्ये अडकली होती. पाणी दोन्हीकडून. आत पस्तीसेक माणसं आणि एक दिवस भरलेली बाई, तिला कळा सुरू झालेल्या.

मास्तर सेटकडे हात नेत म्हणाले, "सरक, मी घेतो."

काकूंनी मान न वळवता हात वर केला. "थांबा. गुरुजी बोलून राहिलेत."

मास्तर थांबले. मी त्यांचा चेहरा पाहिला. आयुष्यभर ज्या दिवसाची तयारी केली तो दिवस आला होता आणि खुर्ची रिकामी नव्हती. ते दाराशी जाऊन पावसाकडे तोंड करून उभे राहिले. रुसले होते, स्पष्ट दिसत होतं. मिनिटभरानं वळले आणि छत्री घेऊन बाहेर पडले. परत आले ते दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन, त्यांच्यावर छत्री धरून आणि स्वतः भिजत.

डॉक्टरीणबाई सांगत, काकू ते साध्या शब्दांत गुरुजींना सांगत, गुरुजी सेट डोक्यावर धरून गाडीजवळ जाऊन ओरडून सांगत. ओढ्यांच्या मधल्याच एका वस्तीवरून एक सुईण गाडीपर्यंत पोचली. बाईला त्या वस्तीवरच्या शाळेच्या ओसरीवर नेलं. बारानंतर गुरुजींचा आवाज आला, आनंदानं चढलेला. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. काकूंनी वहीत वेळ लिहिली आणि पुढचा निरोप घेतला, गाडीतल्या माणसांची नावं. त्यांच्या घरच्यांना कळवायचं होतं. नावं घेऊन गावात फिरायचं काम मास्तरांनी केलं. चार फेऱ्या.

दुपारी पाणी उतरायला लागलं तेव्हा तहसीलचे साहेब आभार मानायला आले. मास्तर ओसरीवर किटली घेऊन उभे होते. साहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्यामुळं आज..."

"मी चहापुरता आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "स्टेशन आत आहे."

साहेब चपला काढून आत गेले. मास्तर माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "ऑपरेटरबाई, तिनं सकाळपासून काही खाल्लं न्हाई. भातात पाणी किती घालायचं, तेवढं सांगता का?"

मी भात लावला, पिठलं त्यांनी केलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या. काकूंनी डाव्या हातात माइक धरून ते सगळं खाल्लं, आणि ताट परत देताना मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "आणखी आहे काय?"